उन्हाळी परत परत का लागते? जंतूंच्या फिम्ब्रींविषयी

ऋजुता_न
एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. युरिन कल्चरचे, म्हणजे लघवीत कोणते जंतू वाढतात ते बघायच्या तपासणीचे रिपोर्ट रोज हातावरून जातात आणि त्यात बायकांचे कितीतरी जास्त. रिपोर्ट न्यायला येतात तेव्हा बऱ्याच जणी आवाज खाली आणून एकच विचारतात, "मी तर सगळी काळजी घेते, मग परत कसं झालं?" घरी कुणीतरी स्वच्छतेवरून बोललेलं असतं, नाहीतर "उष्णता झाली" म्हणून धन्याजिऱ्याच्या पाण्यावर महिना काढलेला असतो. या बायकांना अपराधी वाटायचं काहीही कारण नाही, हे नीट कारणांसकट सांगावं म्हणून हा धागा.

मूत्राशय ही जंतूंना राहायला फार अवघड जागा आहे. दर दोन-तीन तासांनी तिथलं सगळं वाहून जातं. साध्या युरिन इन्फेक्शनमध्ये चारपैकी तीन वेळा तरी सापडणारा जंतू म्हणजे ई. कोलाय. याचं घर आपलं आतडं. तिथून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे आत शिरणं त्याला जड जात नाही. पण नुसतं शिरून भागत नाही. धरायला काही नसेल तर पुढच्या लघवीबरोबर तो बाहेर पडणार. आत धरून राहायचं काम त्याच्या पृष्ठभागावरचे बारीक तंतू करतात. तेच फिम्ब्री.

हे नाव एडिंबरामध्ये काम करणाऱ्या डगिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये दिलं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली काही जंतूंच्या अंगभर सरळ, आखूड तंतू दिसत होते आणि अशाच जंतूंमुळे तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होत होत्या. पोहायला लागणारं शेपूट, म्हणजे फ्लॅजेलम, वेगळं. फिम्ब्री हलत नाहीत, त्या धरतात.

ई. कोलायच्या सगळ्यात अभ्यासलेल्या फिम्ब्री टाइप-१ या जातीच्या. एका जंतूवर त्या शेकडो असतात. जाडी सुमारे ७ नॅनोमीटर, लांबी १ ते २ मायक्रोमीटर, म्हणजे काही तंतू जंतूच्या अंगाएवढेच लांब. दांडा फिम-ए नावाच्या एकाच प्रथिनाच्या शेकडो-हजारो प्रती मळसूत्री वळणात बसून तयार होतो. अगदी टोकाला फिम-एच हे दुसरं प्रथिन असतं, आणि खरी पकड या एकट्याची. ते मॅनोज ही साखर ओळखतं. मूत्राशयाच्या आतल्या सगळ्यात वरच्या पेशींवर युरोप्लाकिन नावाची प्रथिनं असतात आणि त्यांना मॅनोजच्या साखळ्या लागलेल्या असतात. जंतू नेमका तिथे चिकटतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. विद्यार्थ्यांना मी दाखवते तेव्हा ई. कोलायचं द्रव माध्यम न हलवता ३७ अंशांवर दोन दिवस ठेवते, तसं केलं की फिम्ब्री भरपूर येतात. काचपट्टीवर त्याचा एक थेंब आणि बेकरीत वापरतात त्या यीस्टच्या पाण्याचा एक थेंब. यीस्टच्या भिंतीत मॅनोज असतंच. पट्टी हळूहळू कलती करत राहिलं की मिनिटाभरात ते दुधाळ पाणी फाटल्यासारखं होतं, पांढरे कण वेगळे दिसायला लागतात, मधलं पाणी स्वच्छ होतं. शेजारच्या पट्टीवर तेच दोन थेंब, पण आधी थोडं मॅनोज मिसळलेलं. तिथे काहीच घडत नाही. सगळी टोकं आधीच साखरेने भरलेली असतात, यीस्टला धरायला जागा उरत नाही. इस्रायलमध्ये ओफेक, मिरेलमन आणि शेरॉन यांनी १९७७ मध्ये हे मॅनोजचं नातं दाखवलं. दोन वर्षांनी उंदरांवर असं दिसलं की मॅनोजसारखा रेणू जंतूंबरोबर दिला तर मूत्राशयातली लागण कमी होते.

आता "परत कसं झालं" या प्रश्नाकडे येते. फिम-एचने धरल्यावर जंतू नुसता बाहेर लटकून राहत नाही, पेशी त्याला आत ओढून घेते. आत त्याची संख्या वाढते, हजारोंचा घट्ट गोळा होतो. सेंट लुईसच्या स्कॉट हल्टग्रेन यांच्या गटाने २००३ मध्ये उंदरांच्या मूत्राशयात हे गोळे दाखवले. पुढे असेच गोळे इन्फेक्शन झालेल्या बायकांच्या लघवीत गळून आलेल्या पेशींतही सापडले. शरीर वरची पेशी गाळून टाकून सुटका करून घ्यायला बघतं, पण त्यामुळे खालचा थर उघडा पडतो. उंदरांमध्ये काही जंतू त्या खालच्या थरात शांत पडून राहतात आणि नंतर पुन्हा उठतात, असंही दिसलंय. शिवाय आतड्यातला साठा आहेच. एवढं सगळं साबणाने धुऊन निघेल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

प्रश्न विचारा. उत्तर येतं तिथे देईन.

गार्गी७९
ऋजुता, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. लग्नानंतर सुरू झालं ते अजून चालू आहे. सासूबाई तोंडावर बोलत नाहीत पण माझा टॉवेल वेगळा ठेवतात. हे दुसऱ्याला लागतं का? आणि इतक्या बायका आहेत, मग मलाच का?

ऋजुता_न
गार्गी, टॉवेल वेगळा ठेवायची काही गरज नाही. हा जंतू तुझ्याच आतड्यातला आहे. सासूबाईंच्या आतड्यातही ई. कोलाय आहेतच, सगळ्यांच्याच असतात. लग्नानंतर सुरू होणं फार सर्रास आहे. संबंधांच्या वेळी जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नंतर लगेच लघवीला जाऊन यावं, एवढं मात्र पाळ.

"मलाच का" याचं एक उत्तर पेशींवरच्या साखरेत आहे. ई. कोलायच्या काही वाणांकडे टाइप-१ शिवाय पी फिम्ब्री असतात. मूत्रपिंडापर्यंत पोचून थंडी वाजून ताप आणणारे वाण बहुतेक वेळा हेच. त्यांच्या टोकाचं पॅप-जी हे प्रथिन गॅलॅक्टोजच्या एका जोडीला धरतं. ही जोडी मूत्रपिंडाच्या पेशींवर असते आणि तांबड्या पेशींवरही असते, तिथे ती पी रक्तगटाचा भाग आहे. स्वीडनच्या संशोधकांनी १९८० च्या आसपास हे जुळवलं. अगदी थोड्या लोकांमध्ये ही जोडीच नसते आणि त्यांच्या पेशींना हे जंतू चिकटत नाहीत. म्हणजे कुणाला लागण होते यात जन्मजात वाटाही आहे.

दावण
पशुवैद्य आहे. ताईंनी शेवटी जे लिहिलं ते आमच्याकडे माणसांच्या आधीच पक्कं झालं होतं, म्हणून लिहितो.

डुकराच्या पिल्लांना हगवण लावणाऱ्या ई. कोलायवर के-८८ नावाच्या फिम्ब्री असतात. इंग्लंडमध्ये विल्यम्स स्मिथ आणि लिंगूड यांनी १९७१ मध्ये जंतूतून के-८८ चा प्लास्मिड, म्हणजे ती जनुकं असलेलं डीएनएचं सुटं कडं, काढून टाकला. विष तयार करायची ताकद तशीच होती, पण पिल्लांना हगवण लागली नाही. विष असून उपयोग काय, आतड्याला धरताच येत नव्हतं. पुढे असंही कळलं की काही डुकरांच्या आतड्यावर के-८८ ला धरायला जागाच नसते, आणि ती जन्मतःच या रोगातून सुटलेली असतात.

आपल्या गोठ्यात हाच प्रकार वासरांच्या पांढऱ्या हगवणीत. तिथला तंतू के-९९. मुख्यतः जन्मल्यापासून पहिल्या चार-पाच दिवसांतच तो आतड्याला धरू शकतो, नंतर आतड्याच्या पेशी बदलतात. म्हणून सगळी लढाई त्या चार-पाच दिवसांची. गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत के-९९ ची लस दिली की चिकात त्याविरुद्धची प्रतिपिंडं उतरतात. वासराच्या आतड्यात ती तंतूंवर बसतात आणि जंतू न चिकटता बाहेर पडतो.

पण चीक वेळेवर पाजला तर. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही हा समज अजून गावोगाव आहे. वार पडायला सहा-आठ तास लागले की तेवढा वेळ वासरू उपाशी. त्याच वेळात गोठ्यातला जंतू त्याच्या तोंडात जातो आणि रिकाम्या आतड्याला धरतो. कृपा करून वासरू जन्मलं की तासाभरात चीक पाजा. पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पोटात जायला हवा. कास मोकळी झाली की वारही लवकर पडते.

रानजाई
दावण, हे छापून आमच्या दूध डेअरीत लावते. चालेल ना?

दावण
खुशाल लावा. नाव नको, चीक पाजा एवढं ठळक करा.

सुहास_पुणे
एक शंका. भरपूर पाणी प्या असं सगळेच डॉक्टर सांगतात. पण जंतू इतका घट्ट धरून बसला असेल तर पाण्याने काय होणार?

अनिकेत_बायोफिजिक्स
सुहास, हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. पीएचडीचा विषय याच्या जवळचा आहे.

सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की प्रवाह वाढला की फिम-एचची पकड सुटत नाही, उलट आवळते. जनावराच्या दाव्याला मारलेल्या सरकगाठीचं असतं तसंच, जितका हिसका द्याल तितकी घट्ट. कारण रचनेत आहे. फिम-एचचे दोन भाग असतात. एक साखर धरतो, दुसरा दांड्याला जोडलेला. ताण नसताना दोन्ही भाग एकमेकांना टेकलेले असतात आणि साखरेचा कप्पा सैल असतो. ओढ बसली की ते दूर होतात आणि कप्पा मिटतो. त्यात भर म्हणजे मळसूत्री दांडा ताणाखाली उलगडतो आणि मूळ लांबीच्या कितीतरी पट लांब होतो, त्यामुळे धक्का थेट टोकापर्यंत पोचत नाही. लघवी होऊन गेली की दांडा परत गुंडाळतो, पकड सैल होते, जंतू थोडा सरकतो, नवी जागा धरतो. प्रवाह नसताना पसरायचं आणि प्रवाह आला की रुतून बसायचं, असं दोन्ही त्याला साधतं.

आता पाण्याचा उपयोग. मूत्राशयातले सगळेच जंतू चिकटलेले नसतात. बरेचसे लघवीत तरंगत वाढत असतात, ते बाहेर जातात. आणि लघवीत युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं, मूत्रपिंडच ते बनवतं. निरोगी लघवीत सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन हेच. त्याचे लांब धागे असतात, धाग्यांवर मॅनोज असतं, आणि जंतूच्या फिम-एचची टोकं त्यालाच धरतात. पेशीऐवजी धाग्याला चिकटलेला जंतू लघवीबरोबर निघून जातो. ज्या उंदरांमध्ये हे प्रथिन नसतं त्यांना लागण जास्त होते.

डॉ_मृण्मयी
अनिकेतच्या उत्तराला दवाखान्यातली जोड देते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पेयं घेणाऱ्या १४० बायका होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. साध्या पाण्याने इतका फरक पडतो. म्हणून बाहेर बाथरूम मिळत नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या शिक्षिका, पोलीस, बसवाहक बायकांची मला फार काळजी वाटते. त्यांना पाणी प्या म्हणून सांगायचं आणि स्वच्छतागृह द्यायचं नाही, हे बदलायलाच हवं.

मुक्ता_ठाणे
मृण्मयीताई, डी-मॅनोजची पावडर ऑनलाइन मिळते, बरीच महाग आहे. वर ऋजुताने जे यीस्टचं लिहिलं त्यावरून तर ती लागू पडायला हवी. घ्यावी का? आणि क्रॅनबेरी?

डॉ_मृण्मयी
काचपट्टीवर लागू पडलेलं माणसात लागू पडेलच असं नाही. ब्रिटनमध्ये ५९८ बायकांना सहा महिने रोज डी-मॅनोज किंवा दिसायला तशीच दुसरी साखर दिली, निकाल २०२४ मध्ये आला. पुन्हा इन्फेक्शनच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे यावं लागलेल्या बायका डी-मॅनोजच्या गटात ५१ टक्के, दुसऱ्या गटात ५५.७ टक्के. हा फरक धरण्याजोगा नाही. मी पैसे घालवू नका असंच सांगते.

क्रॅनबेरीचं जरा बरं आहे. तिच्यातले काही घटक पी फिम्ब्रींची पकड ढिली करतात असं प्रयोगशाळेत दिसतं. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेते, तिच्या २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास एकत्र केले, त्यात वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण चौथ्या हिश्शाने कमी झालेला आढळला. पण हे टाळण्यासाठी, झालेलं इन्फेक्शन बरं करण्यासाठी नव्हे. आपल्याकडच्या खोक्यातल्या रसात साखर पुष्कळ असते, मधुमेह असेल तर जपून. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पाळी गेलेल्या बायकांना योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम याहून जास्त उपयोगी पडतं. ते मागायला संकोच करू नका.

गार्गी७९
पण मग औषध जंतूला मारण्याऐवजी पकडच सोडवणारं का नाही करत?

ऋजुता_न
करतायत, गार्गी. मॅनोजपेक्षा कितीतरी घट्ट बसणारे रेणू, ज्यांना मॅनोसाइड म्हणतात, तयार केलेत. २०१७ मध्ये उंदरांत असं दिसलं की असा एक रेणू तोंडावाटे दिला तर आतड्यातले हे जंतू कमी होतात आणि बाकीच्या जंतूंना फारसा धक्का लागत नाही. फिम-एचची लस करायचेही प्रयत्न बरीच वर्षं चालू आहेत. मला या दिशेबद्दल खूप आशा वाटते, कारण नॉरफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांना आपल्याकडचे बरेचसे ई. कोलाय आता दाद देत नाहीत. रोज रिपोर्टवर ते दिसतं.

अडचण एवढीच की जंतू फिम्ब्री बंदही करू शकतो. टाइप-१ फिम्ब्रींच्या जनुकाआधी डीएनएचा ३१४ अक्षरांचा तुकडा असतो, तो उलटा फिरतो. एका दिशेला फिम्ब्री चालू, दुसऱ्या दिशेला बंद. त्यामुळे एकाच जंतूच्या वंशात काही तंतूवाले, काही बिनतंतूंचे असे मिळून राहतात. तंतू दिसले की शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांना पटकन ओळखतात, म्हणून गरज नसताना ते झाकून ठेवणं त्याच्या फायद्याचं.

प्रवासी_कोलकाता
कामानिमित्त बरीच वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून इथलं एक सांगावंसं वाटतं. कॉलऱ्याचं विष शंभूनाथ दे यांनी १९५९ मध्ये याच शहरात सशांच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं. त्या विषाला जोडीदार असा तंतू आहे, टीसीपी. तो १९८७ मध्ये सापडला. विष आणि तंतू दोन्ही एकाच वेळी, एकाच हुकमाने तयार होतात. तंतू काढून टाकलेला जंतू स्वयंसेवकांना पाजला तर तो आतड्यात वस्तीच करू शकला नाही. सगळ्यात थक्क करणारं १९९६ मध्ये कळलं. विषाचं जनुक मुळात एका विषाणूचं आहे, आणि तो विषाणू जंतूत शिरतो तो याच तंतूला धरून. शंभूनाथ दे यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात ठळक असायला हवं होतं.

ऋजुता_न
अगदी मनातलं लिहिलंत. टीसीपीची घडण टाइप-१ पेक्षा वेगळी असते, पण काम तेच.

सुहास_पुणे
आईच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये ई. कोलाय मिलिलिटरमागे १ लाखाच्या वर आलेत. तिला जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. वय ७१. ओळखीच्या एकाने अँटिबायोटिक सुरू करायला सांगितलंय. करावं का?

डॉ_मृण्मयी
सुहास, तुमच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. पण त्रास नसताना नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक देऊ नये हाच सध्याचा नियम आहे. अपवाद मुख्यतः दोन, गरोदर बायका आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेले पेशंट. गरोदरपणात मात्र त्रास नसला तरी औषध घ्यायलाच हवं, नाहीतर लागण मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकते.

ऋजुता_न
सुहास, याला जोडून एक खरी गोष्ट. स्वीडनमध्ये एका शाळकरी मुलीच्या मूत्राशयात एक ई. कोलाय तीन वर्षं होता आणि तिला कसलाच त्रास नव्हता. त्या वाणाला ८३९७२ म्हणतात. त्याची जनुकं तपासली तेव्हा टाइप-१ फिम्ब्रींचा मोठा तुकडाच गळालेला निघाला आणि पी फिम्ब्रींचं जनुकही बिघडलेलं. जंतू होता, पण पेशीला धरून डिवचण्याची हत्यारं त्याने टाकून दिली होती. पुढे ज्यांना सतत इन्फेक्शन होतं अशा काही पेशंटांच्या मूत्राशयात मुद्दाम हाच वाण सोडला, आणि तो असताना त्रासदायक जंतूंची लागण कमी झाली. आईंच्या मूत्राशयात कोणता वाण आहे ते रिपोर्टवरून कळत नाही. पण त्रास नसलेला जंतू मारला तर त्या जागी त्रास देणारा येऊ शकतो.

आणि नमुना कसा घेतला होता? घरून दुपारी नेला असेल तर तो आकडा धरू नका. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली, लॅबमधून दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यायची. दोन तासांत पोचवायची, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर उन्हात राहिली तर डबीतच संख्या लाखावर जाते.

सुहास_पुणे
सकाळी अकराला घेतली होती, दिली संध्याकाळी. फ्रिजमध्ये नव्हती.

ऋजुता_न
मग डॉक्टरांना हे सांगा, आणि तपासणी पुन्हा हवी का ते त्यांना ठरवू द्या. तोवर गोळी सुरू करू नका. मधे ताप, थंडी किंवा कंबरेत दुखणं सुरू झालं तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.